भिंतीवरची ओल आणि छातीतली घरघर

जुलैचा दुसरा आठवडा उलटला की कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कपाट उघडले की कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव चढलेली असते, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात, छताच्या रंगाचे पोपडे सुटतात. फडक्याने पुसायचे, डांबर गोळ्या टाकायच्या, दिवाळीला रंग काढू म्हणायचे आणि पावसाळा ढकलायचा, ही आपली रीत. त्याच दिवसांत घरातल्या एखाद्या मुलाचा खोकला महिनाभर हटत नाही, आजोबांना रात्री धाप लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध आहे आणि त्यावर करण्यासारखे काय आहे, याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर गेल्या काही दशकांच्या संशोधनातून मिळाले आहे. आपल्याकडे मात्र ते लोकांपर्यंत पोचलेले नाही. कोणी बुरशीला अवाजवी घाबरते, तर कोणी ‘पावसाळ्यात असे व्हायचेच’ म्हणून सोडून देते.

हे सगळे संशोधन वाचल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. घरातल्या बुरशीकडे बुरशी म्हणून पाहणे हीच पहिली चूक आहे. पाहायचे ते पाण्याकडे. भिंतीवरचा काळा डाग कोणत्या जातीचा, विषारी की साधा, ही चौकशी बहुतेक वेळा निरर्थक ठरते. त्या भिंतीत पाणी कुठून येते, या एका प्रश्नाने आरोग्याचाही आणि घराचाही मार्ग सापडतो.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. बाहेरच्या हवेत ते कायम तरंगत असतात आणि खिडकीतून, कपड्यांवरून, चपलांवरून घरात येतात. हवेतल्या या सूक्ष्म सृष्टीचा अभ्यास महाराष्ट्रात फार आधीपासून झाला आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले बीजाणू पकडून मोजण्याचे यंत्र तयार केले आणि ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ याच नावाने ओळखले जाते. म्हणजे बीजाणूमुक्त घर ही कल्पनाच चुकीची आहे. बीजाणूला रुजायला खाद्य आणि ओल लागते. खाद्याला घरात तोटा नसतो. कागद, प्लायवुड, कापूस, चामडे, रंगातला चिकट भाग, एवढेच काय, भिंतीवर बसलेली धूळसुद्धा त्याला पुरते. कमी असते ती फक्त ओल. एखाद्या पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर अनेक दिवस टिकली की बुरशी धरू लागते. वस्तू प्रत्यक्ष भिजली तर २४ ते ४८ तासांत ती कोरडी करावी, असे सर्वत्र सांगितले जाते ते याचसाठी. मुंबईची पावसाळी हवा दिवसच्या दिवस ८० ते ९० टक्के आर्द्रतेवर असते, त्यामुळे आपल्याकडची लढाई मुळातच अवघड आहे.

घरात सापडणाऱ्या जाती बहुतेक नेहमीच्याच. क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस, अल्टरनेरिया ही मंडळी जगभर भिंतींवर भेटतात. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन ते साडेतीन मायक्रॉन इतके बारीक असतात, म्हणून ते नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊ शकतात. अल्टरनेरियाचे बीजाणू त्यापेक्षा कितीतरी मोठे, पण दम्याच्या रुग्णांमध्ये त्याची अ‍ॅलर्जी गंभीर झटक्यांशी जोडली गेली आहे. बीजाणूंखेरीज बुरशीच्या तंतूंचे तुकडे, तिच्या पेशीभित्तीतली द्रव्ये आणि वायुरूप रसायनेही हवेत मिसळतात. आपल्याला येतो तो कुबट वास याच रसायनांचा. भिंत स्वच्छ दिसत असेल आणि वास येत असेल, तर वासावर विश्वास ठेवावा. बुरशी कपाटाच्या मागे, वॉलपेपरखाली किंवा फॉल्स सीलिंगच्या वर असते.

आता आरोग्याचे. या प्रश्नावरचे दोन मोठे दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा २००४ चा अहवाल आणि जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे. दोन्ही वाचताना जाणवते की त्यांनी शब्द फार जपून वापरले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले की ओलसर आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीतली घरघर, धाप, नाक-घशाचा त्रास, श्वसनाचे संसर्ग आणि दमा यांचा धोका जास्त असतो, आणि त्याला पुरेसा पुरावा आहे. आधीचा दमा ओलीमुळे उसळतो, एवढेच नव्हे तर नवा दमा सुरू होण्याशीही ओलीचा संबंध आहे. मात्र हवेत बीजाणूंची अमुक संख्या सुरक्षित आणि अमुक धोकादायक, असा आकडा संघटनेने दिला नाही, कारण तसा आकडा पुराव्यातून निघतच नाही. तिचा सल्ला एवढाच: ओल टाळा, आणि झालीच तर दुरुस्त करा.

धोका केवढा? विल्यम फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००७ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की ओलसर-बुरशीच्या घरांत श्वसनाचे आणि दम्याचे वेगवेगळे त्रास साधारण ३० ते ५० टक्क्यांनी जास्त आढळतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अंदाजानुसार अमेरिकेतल्या दम्याच्या सुमारे २१ टक्के रुग्णांचा त्रास घरातल्या ओलीच्या खात्यावर टाकता येतो. हे आकडे थंड देशांतल्या घरांचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे रत्नागिरीला लावता येणार नाहीत. पण भारतात दम्याचे साडेतीन कोटींच्या आसपास रुग्ण आहेत. त्यातला लहानसा हिस्सा जरी ओलीचा निघाला, तरी ती संख्या लाखांत जाते.

या पुराव्यातली एक बाब मला सगळ्यात मोलाची वाटते. बुरशी आणि दमा एकत्र आढळतात एवढ्यावर शंकेखोर म्हणेल की गरिबांची घरे ओलसर असतात आणि गरिबांना आजारही जास्त होतात, यात भिंतीचा काय दोष? त्याला उत्तर द्यायचे तर भिंत दुरुस्त करून पाहावी लागते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड परिसरातल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच केले. दमा असलेली, बुरशीच्या घरांत राहणारी ६२ मुले निवडली. सगळ्यांना औषधोपचाराची माहिती दिली. काहींच्या घरांत मात्र त्याशिवाय गळती बंद केली, ओलीचे मूळ काढले, बुरशी लागलेले साहित्य बदलले. ज्यांच्या घरांची दुरुस्ती पूर्ण झाली त्या २९ मुलांपैकी एकालाच नंतर दम्याचा जोराचा झटका आला. उरलेल्या ३३ पैकी ११ जणांना आला. अभ्यास छोटा आहे, एवढ्यावर इमारत उभी करता येणार नाही. पण गवंडी आणि प्लंबर हेही दम्याच्या उपचाराचा भाग असू शकतात, हे त्याने दाखवले. फिनलंडच्या संशोधकांनी नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या कॉक्रेन आढाव्यातही घरांच्या दुरुस्तीने मोठ्या माणसांचे दम्याचे त्रास आणि श्वसनाचे संसर्ग कमी होतात, असा मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला.

याच क्लीव्हलंड शहरातून बुरशीबद्दलची मोठी भीतीही जगभर पसरली. १९९३-९४ मध्ये तिथे काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि संशय स्टॅकिबोट्रिस नावाच्या काळ्या बुरशीवर गेला. वर्तमानपत्रांत ‘विषारी काळी बुरशी’ गाजू लागली. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्वतःच त्या तपासाची फेरतपासणी केली आणि २००० साली जाहीर केले की हा संबंध सिद्ध झालेला नाही. तोवर भीती बाहेर पडलेली होती. टेक्सासमधल्या एका घराच्या दाव्यात ज्यूरीने २००१ साली विमा कंपनीला ३ कोटी २० लाख डॉलर भरायला सांगितले, ती रक्कम पुढे बरीच कमी झाली. तेव्हापासून बुरशी तपासून देणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. स्मरणशक्ती जाणे, कायमचा थकवा, मेंदूचे विकार घरच्या बुरशीने होतात, असे आजही सांगितले जाते. २००४ च्या अहवालाला त्यासाठी पुरेसा पुरावा सापडला नव्हता आणि त्यानंतरही चित्र फारसे बदललेले नाही. थकवा खोटा असतो असे मी म्हणत नाही. मात्र त्याचे खापर भिंतीवर फोडून खरे कारण शोधायचे राहून गेले, तर नुकसान रुग्णाचेच होते.

आपल्याकडे भीतीचा असाच प्रसंग २०२१ मध्ये आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण सापडले, कित्येकांनी डोळे आणि जीव गमावले, आणि ‘काळी बुरशी’ हे नाव घराघरांत पोचले. त्या वेळी फ्रीजच्या दाराच्या रबरावरचा काळा थर आणि कांद्यावरची काळी पूड यांचे फोटो मोबाइलवरून फिरत होते. त्या थराचा त्या आजाराशी संबंध नव्हता. म्युकरमायकोसिसमध्ये काळे पडते ते रुग्णाच्या शरीरातले मृत झालेले ऊतक, बुरशीचा रंग तसा नसतो. आणि तो आजार होण्यामागे आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही मुख्य कारणे होती. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांनी धडधाकट माणसाला तो होत नाही.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी आणि आपणही जास्त लक्ष द्यावे अशा गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकांत ही बुरशी ठाण मांडते, शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठते आणि फुप्फुसाची कायमची हानी होते. डॉक्टर त्याला एबीपीए म्हणतात. एक्स-रेवरचे डाग पाहून आपल्याकडे अशा रुग्णांना क्षयरोगाची औषधे सुरू झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. दुसरी गोष्ट क्षयरोगाशीच जोडलेली आहे. क्षय बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस वाढू शकतो. मग वजन घटते, थुंकीतून रक्त पडते, आणि पुन्हा क्षय झाला असे समजून तीच औषधे नव्याने चालू होतात. क्षयरोगाच्या देशात हा गोंधळ महागात पडतो. हे आजार घरातल्या बुरशीमुळेच होतात असे म्हणता येणार नाही, कारण अ‍ॅस्परजिलस बाहेरही असतो, खतात, धान्यात, पालापाचोळ्यात. पण ज्याला असा आजार आहे त्याने बुरशी लागलेल्या खोलीत झोपू नये आणि भिंत खरवडण्याचे काम तर अजिबात करू नये.

तिसरी गोष्ट कोकणातली नाही, ती विदर्भ-मराठवाड्याची आहे, आणि तिच्याविषयी फारच कमी लिहिले जाते. २०१२ ते २०१५ या काळात देशातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी फुप्फुसांच्या अंतराल आजारांची, म्हणजे फुप्फुस हळूहळू कडक होत जाणाऱ्या आजारांची, एक नोंदवही ठेवली. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशीसारख्या कणांच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज, निघाला, आणि त्या गटातल्या ४८.१ टक्के रुग्णांचा संबंध एअर कूलरशी होता. चंडीगडच्या मोठ्या रुग्णालयाच्या नोंदीत या आजाराचे प्रमाण बरेच कमी आले, त्यामुळे पहिला आकडा छातीठोकपणे सगळ्या देशाला लावू नये. तरी कूलरकडे बोट दाखवले गेले आहे ते विनाकारण नाही. नागपूर-अकोल्यात मार्चअखेरीस माळ्यावरून कूलर उतरतो. गेल्या वर्षीच्या त्याच वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या, तळाशी वाळलेला चिखल. त्यात पाणी ओतले जाते, पंखा सुरू होतो आणि चार महिने रात्रभर तीच हवा झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येत राहते. या आजारात त्रास संपर्कानंतर काही तासांनी सुरू होतो. कोरडा खोकला, कणकण, धाप अशी लक्षणे फ्लूसारखी वाटतात आणि घर सोडले की ओसरतात. संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुस कायमचे कडक होते. ताट्या दर हंगामाला नव्या बसवणे, टाकीतले पाणी साठू न देता बदलत राहणे, आठवड्यातून एकदा टाकी घासून उन्हात कोरडी करणे, इतके साधे उपाय यावर आहेत. कोकणात बुरशी पावसासोबत येते, विदर्भात ती उन्हाळ्यात माणसानेच भरून ठेवलेल्या पाण्यातून येते.

आता घराकडे वळू. पाणी घरात मुख्यतः तीन वाटांनी येते आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी वाट ओळखावी लागते. पहिली वाट बाहेरची: गच्चीचा फुटलेला कोबा, पश्चिमेच्या भिंतीवरच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट. हा डाग पावसाबरोबर वाढतो आणि उघडीप मिळाली की फिका होतो. दुसरी वाट नळाची: भिंतीतला गळका पाइप, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या फरशीचे उघडलेले सांधे. हा डाग भर एप्रिलमध्येही ओला असतो. तिसरी वाट हवेची, म्हणजे भिंतीला सुटणारा घाम.

ही तिसरी वाट शहरांत वाढली आहे आणि तिच्याबाबतीत परदेशी सल्ला आपल्याला फसवतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तिका सांगतात, खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. त्यांच्या हिवाळ्यात बाहेरची हवा थंड असते, तिच्यात बाष्प कमी असते. ती घरात येऊन तापली की कोरडी ठरते. जुलैमधल्या मालवणात किंवा पणजीत बाहेरची हवाच ओलीचिंब असते, ती आत घेऊन भिंत वाळत नाही. ३० अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला टेकली की तिच्यातले पाणी तिथे धरू लागते. बेडरूममध्ये रात्रभर २२ वर एसी चालवला तर त्या खोलीची पलीकडची, पॅसेजकडची भिंत याहून गार होते, आणि सकाळी तिथे घाम सुटलेला असतो. त्यात खोलीभर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे. एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी घरातल्या हवेत जाते. म्हणून पावसाळ्यात खिडकी उघडायची ती अंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर काढण्यापुरती, एक्झॉस्ट चालू ठेवून. कपडे एकाच खोलीत, पंख्याखाली वाळवावेत. एसी असेल तर तो ड्राय मोडवर दिवसातून काही वेळ चालवावा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा, हा अमेरिकी पर्यावरण संस्थेचा सल्ला आपल्याकडे ऑगस्टमध्ये यंत्राशिवाय पाळणे जवळजवळ अशक्य आहे. पण काही शे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक घरात असला तर निदान कोणती खोली वाईट आहे ते कळते.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे घरच्या घरी ओळखता येते. डाग असलेल्या जागेच्या बाजूला भिंत फडक्याने कोरडी करून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेचा घाम आहे. आणखी एक तपासणी सोपी आहे. भिंतीवरची प्रत्येक पांढरी पूड बुरशी नसते. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळतात, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. चिमूटभर पूड थेंबभर पाण्यात टाकली तर लोणा विरघळतो, बुरशी तशीच राहते. लोण्याने दमा होत नाही, पण भिंतीतून पाणी फिरते आहे एवढे तो नक्की सांगतो.

जुन्या घरांबद्दल हळवे होण्यात अर्थ नाही, त्या घरांतही बुरशी असायची आणि चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसे काळी व्हायची. पण दरवर्षी चुन्याची सफेदी देण्यात एक शहाणपण होते. ताजा चुना इतका अल्कलीयुक्त असतो की त्यावर बुरशी धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत त्याचा हा गुण उतरत जातो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा हात मारायचा. आज आपण त्याच भिंतींवर पीओपी, प्लायवुडची पॅनेले, वॉलपेपर आणि पाण्याची वाफ आरपार जाऊ न देणारे रंग चढवतो. भिंत वाळायची वाटच बंद होते आणि बुरशीला खायला कागद-लाकूड मिळते. बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून बसवलेला प्लायवुडचा वॉर्डरोब ही माझ्या मते शहरी फ्लॅटमधली सगळ्यात वाईट रचना आहे. ती करू नका, असे सुताराला सांगायला खर्च येत नाही.

झालेली बुरशी काढताना लोक हमखास दोन चुका करतात. कोरडे खरवडणे ही पहिली. त्याने बीजाणूंचा ढग उठतो. आधी जागा ओली करावी, मग साबणाच्या पाण्याने घासावी आणि पंख्याने पूर्ण वाळवावी. हातात मोजे, तोंडाला एन-९५ मास्क, आणि दम्याचा माणूस घराबाहेर. साधारण दहा चौरस फुटांपर्यंतचा डाग घरी काढता येतो, त्याहून मोठा असेल तर जाणकार बोलवावा. दुसरी चूक ब्लीचवर भिस्त ठेवण्याची. ब्लीचने डाग पांढरा पडतो, पण प्लायवुडच्या किंवा प्लास्टरच्या आतले तंतू जिवंत राहू शकतात. शिवाय ब्लीच आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड एकत्र झाले तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. टाइल, काच, स्टील धुऊन घेता येते. बुरशी आत शिरलेली गादी, उशी, प्लाय, जिप्समचा तुकडा टाकूनच द्यावा. पूर ओसरल्यावर हे फार जड जाते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी उतरल्यावर लोकांना गाद्या आणि फर्निचर रस्त्यावर ढिगाने टाकावे लागले. वाचवून ठेवण्याची ओढ समजते, पण भिजलेल्या कापसाच्या गादीवर लहान मूल झोपवू नये. आणि ओल न थांबवता वरून बुरशीरोधक रंग मारून घेणे म्हणजे एका हंगामापुरता डाग झाकणे.

तो डाग झाकायला सांगितल्याचे परिणाम किती टोकाला जाऊ शकतात, हे इंग्लंडने पाहिले. रॉचडेलमध्ये सामाजिक गृहसंस्थेच्या एका लहान फ्लॅटमध्ये राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये श्वसनाच्या आजाराने गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती. त्यांना रंग मारून घ्या, असे सांगण्यात आले. कुटुंब सुदानहून आलेले, त्यांच्या अंघोळीच्या पद्धतीमुळेच घरात ओल होते असेही धरले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने स्पष्ट निष्कर्ष दिला की मृत्यू घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे झाला. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून ती लागू झाली. सामाजिक घरांच्या मालकाला आता तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो. गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली तर दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी आणि त्यापुढे पाच दिवसांत घर सुरक्षित करणे बंधनकारक आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. तरी हातात काहीच नाही असेही नाही, आणि हे हक्क लोकांना माहीत नसतात याची मला खंत वाटते. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दिसला आणि तो कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. नव्या इमारतीतली गळती यात बसते. तक्रार लेखी करा, फोटोवर तारीख असू द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची जबाबदारी संस्थेची आहे, तर फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमच्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने आपल्या खर्चाने करायची आहे. वरच्या मजल्यावरचे आणि खालचे यांची वर्षानुवर्षे चालणारी भांडणे बऱ्याचदा एवढे न वाचल्यामुळे लांबतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जागा नीट दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू नसतो, आणि शहरांतल्या सर्वांत ओलसर खोल्यांत बहुधा तोच राहतो.

त्याहून वाईट स्थिती पुनर्वसनाच्या दाट इमारतींची आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट-उष्ण प्रदेशातल्या खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश एवढी खिडकी मागते, आणि ती उघडली की उजेड-वारा यावा हा त्यामागचा हेतू. समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर ती खिडकी नावापुरती उरते. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेल्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणारी घरे आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. त्याच घरांच्या भिंती पावसाळ्यात काळ्या पडतात. तिथल्या बाईला कपडे घरात वाळवू नका, असे सांगणे क्रूरपणाचे आहे, तिला दुसरी जागाच नाही. इमारतींमधले अंतर ठरवणाऱ्यांनी हा आरोग्याचा खर्च हिशेबात धरायला हवा, तो आज कोणाच्याच हिशेबात नाही.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. दम्याच्या रुग्णाला धूळ, धूर, कुत्रा-मांजर विचारले जाते, घराच्या भिंतीबद्दल क्वचितच. घर सोडून गावी गेल्यावर खोकला थांबतो का, सुट्टीहून परतल्यावर पुन्हा सुरू होतो का, एवढ्या दोन प्रश्नांनी पुष्कळ कळते. मधुमेही, किमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, फुप्फुसाचा जुना क्षय असलेले आणि पहिल्या काही वर्षांतली मुले यांच्या बाबतीत तर हे विचारलेच पाहिजे.

गच्चीची गळती शोधायची ती एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागल्यावर कोबा दुरुस्त होत नाही. आणि मुलाला खोकल्यासाठी डॉक्टरांकडे न्याल तेव्हा बेडरूमच्या भिंतीचा फोटो मोबाइलवर काढून न्या. त्यांनी विचारले नाही तरी दाखवा.